०.२ कुठून आले? भूस्खलनाच्या संगणकीय हिशेबाचा इतिहास

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी सह्याद्रीतील एक गाव निवडले होते. गावामागच्या डोंगरातून दरड सुटली तर दगडमातीचा लोंढा कुठपर्यंत येईल, हे त्यांनी संगणकावर काढले. नकाशा देखणा झाला होता. वर लाल, मध्ये पिवळा, खाली निळा, आणि निळा रंग जिथे संपतो तिथून जिल्हा परिषदेची शाळा बऱ्यापैकी लांब. मी एवढेच विचारले, की घर्षण गुणांक ०.२ घेतला आहे, तो कुठून आला? उत्तर मिळाले, "सर, तो सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला होता."

हे टिपण त्या ०.२ विषयी आहे. तुम्ही अशी सॉफ्टवेअर वापरत असाल किंवा पुढे वापरणार असाल, तर त्यातील समीकरणे तुम्हाला पुस्तकात मिळतील. पण त्या समीकरणांत जे आकडे बाहेरून भरावे लागतात, ते कोणी, कधी, कशावरून काढले हे सहसा सांगितले जात नाही. ते कळले नाही तर नकाशातील रेषेवर किती भरवसा ठेवायचा हेही कळत नाही. या टिपणासाठी पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतील बलविज्ञान आणि तरल यांत्रिकी पुरेशी आहे.

आधी एक भेद स्पष्ट करू. डोंगराचा भाग तुटून खाली सरकणे म्हणजे भूस्खलन, आपल्या बोलीत दरड कोसळणे. तीच माती आणि दगड पाण्याने भिजून ओढ्याच्या वाटेने पातळ काँक्रीटसारखे वाहू लागले की तो लोंढा होतो. दरड पायथ्याशी थांबते. लोंढा मात्र पायथ्यापासून कित्येक किलोमीटर दूर, जिथून तो डोंगर दिसतही नाही अशा वस्तीत शिरू शकतो. म्हणून "कुठून सुटेल" आणि "कुठपर्यंत जाईल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण इथे दुसऱ्याचा इतिहास पाहणार आहोत.

पाटीची खाण

सुरुवात स्वित्झर्लंडमधील ग्लारुस प्रांतातल्या एल्म गावापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा वाढल्या आणि लिहायच्या पाट्यांची मागणी वाढली. एल्मच्या डोंगरात पाटीचा दगड होता. उताराच्या पायथ्याला आडवी खाच पाडत खाणकाम चालले, आणि वरचा डोंगर हळूहळू आधाराविना लोंबू लागला. ११ सप्टेंबर १८८१ रोजी, रविवारी संध्याकाळी, तो आला. आधी छोटे भाग पडले, लोक पाहायला आणि मदतीला जमले, आणि मग मुख्य भाग कोसळला. सुमारे १ कोटी घनमीटर खडक दरीच्या तळावरून वाहत गेला आणि शंभराहून अधिक माणसे मेली.

झुरिकचे भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी त्याचा अभ्यास केला. ठोकळा उतारावरून घसरत आला आणि घर्षण गुणांक माहीत असेल, तर तो कुठे थांबेल हे काढणे सोपे आहे. वरच्या टोकापासून गुणांकाइतक्या उताराची सरळ रेषा खाली ओढा. ती जमिनीला जिथे मिळेल तिथे ठोकळा थांबतो. खडकावर खडक घासताना गुणांक ०.६ च्या आसपास धरतात. म्हणजे ६०० मीटर उंचीवरून सुटलेला खडक आडव्या अंतरात साधारण १ किलोमीटर जायला हवा. एल्मला हे गुणोत्तर सुमारे ०.३ निघाले. खडक अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट अंतर गेला होता.

हाइम यांनी तुटलेल्या कड्यापासून राशीच्या टोकापर्यंतच्या त्या रेषेच्या कोनाला "फारबोश्युंग" असे नाव दिले. आपण त्याला पल्ल्याचा कोन म्हणू. पुढे बऱ्याच दरडींची मोजमापे जमल्यावर दिसले, की रास जितकी मोठी तितका हा कोन लहान. १९७३ मध्ये एड्रियन शायडेगर यांनी घनफळ आणि हे गुणोत्तर यांचा आलेख काढून त्यातून रेषा ओढली, आणि पुढच्या दरडीचा पल्ला सांगण्याची एक पद्धत तयार झाली. १९७५ मध्ये केनेथ ह्सू यांनी एल्मकडे पुन्हा जाऊन ही रास सरकली नाही, वाहिली, असे मांडले.

मोठ्या दरडीचे घर्षण कमी का होते याची उत्तरे अनेक आली: खाली अडकलेली हवा, वाफ, कणांच्या टकरी, ध्वनिकंपने. आजही एकमत नाही. पण इथेच एक सवय लागली, आणि ती पुढे नीट लक्षात ठेवा. कारण माहीत नसले तरी घडून गेलेल्या दरडीवरून आकडा काढायचा आणि तो पुढच्या दरडीला लावायचा. याला मी उलट हिशेब म्हणतो.

व्होल्मी यांचे दोन आकडे

१९५०–५१ चा हिवाळा आल्प्समध्ये हिमलोटांचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. त्या काळातील नुकसानीनंतर प्रश्न उभा राहिला, की हिमलोटाच्या वाटेतील भिंत किती जोर सोसू शकेल? म्हणजे आधी वेग हवा. १९५५ मध्ये स्विस अभियंता अडोल्फ व्होल्मी यांनी हिमलोटांच्या विध्वंसक शक्तीवर लेखमाला लिहिली आणि प्रतिरोधाचे दोन भाग केले. पहिला भाग कोरडे घर्षण, वजनाच्या प्रमाणात. त्याचा गुणांक म्यू. दुसरा भाग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, जसा नदीच्या तळाशी असतो. त्याचा गुणांक क्साय. हा दुसरा भाग सरळ कालव्यांच्या शास्त्रातून, अठराव्या शतकातील शेझी यांच्या सूत्रातून उचललेला आहे. म्हणजे ठोकळा आणि नदी यांची बेरीज. तर्काने पाहिले तर हा जुगाड आहे, पण अभियंत्याला हवा तसा जुगाड.

स्वतः करून पाहा. एकसारख्या उतारावर लोंढ्याचा वेग स्थिर झाला, की वेगाचा वर्ग म्हणजे क्साय गुणिले जाडी गुणिले कंसातील राशी. कंसात उतारकोनाचा साइन वजा म्यू गुणिले कोसाइन. जाडी २ मीटर, उतार २० अंश, क्साय २०० घ्या. म्यू ०.२ असेल तर वेग येतो सेकंदाला सुमारे ७.८ मीटर. म्यू ०.१ केला तर सुमारे १०. तासाला २८ किलोमीटर आणि ३६ किलोमीटर. फरक आहे, पण दोन्हींपुढे माणूस पळू शकत नाही.

आता थांबण्याचे पाहा. जमिनीच्या उताराचा टॅन म्यूपेक्षा कमी झाला की लोंढा मंदावू लागतो. म्यू ०.२ ला हा उतार ११.३ अंश, म्यू ०.१ ला ५.७ अंश. कोणत्याही डोंगरी खोऱ्याचा उंचीचा नकाशा उघडा आणि ११ अंशापासून ६ अंशापर्यंतचा पट्टा शोधा. भातखाचरे, वाडी, देऊळ, शाळा, एसटीचा थांबा बहुधा तिथेच असतात, कारण बांधण्याजोगी सपाटी तिथूनच सुरू होते. क्साय वेग ठरवतो, म्यू पल्ला. नकाशातील रेषा ओढतो तो म्यू.

व्होल्मी यांचे सूत्र हिमासाठी होते. पुढे ते दगडमातीच्या लोंढ्यांना लावले गेले, कारण ते सुटसुटीत होते आणि दोनच आकडे मागत होते. दाव्होसच्या हिम संशोधन संस्थेने विकसित केलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात अजूनही तेच दोन आकडे आहेत.

संगणकाआधीचे एक सिम्युलेशन

संगणकाकडे वळण्यापूर्वी वायोंतची गोष्ट सांगायला हवी, कारण सिम्युलेशन म्हणजे फक्त संगणक नव्हे. उत्तर इटलीत वायोंत नदीवर २६० मीटरहून उंच धरण बांधले होते. जलाशय भरताना डावीकडचा डोंगर सरकू लागला. दरड पाण्यात पडली तर लाट किती उंच उठेल, हे पाहण्यासाठी पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक आउगुस्तो गेत्ती यांच्या देखरेखीखाली १९६१–६२ मध्ये १:२०० प्रमाणाचे प्रतिरूप बांधले गेले. दरडीच्या जागी खडी घातली. निष्कर्ष असा, की जलाशयाची पातळी ७०० मीटरवर ठेवली तर कल्पना करता येईल अशा सर्वांत वाईट दरडीतही धोका नाही.

९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री दरड आली तेव्हा पातळी जवळजवळ ७०० मीटरच होती. प्रयोगात सुमारे ४ कोटी घनमीटरची दरड धरली होती. प्रत्यक्षात सुमारे २७ कोटी घनमीटरचा डोंगर एका मिनिटाच्या आत, एकसंध खाली आला. पाणी धरणावरून उडून खालच्या लोंगारोनेवर पडले. सुमारे २,००० माणसे मेली. धरण मात्र बहुतांशी जागेवर राहिले, आजही आहे.

प्रतिरूपातील पाणी खोटे वागले नव्हते. त्याला जी दरड दिली होती तिचीच लाट त्याने दाखवली. घनफळ, वेग आणि खडीसारखी सुटी-सुटी रास, ही तिन्ही गृहीतके प्रयोग सुरू होण्याआधी बाहेरून आली होती. शिवाय "सर्वांत वाईट" हे शब्द अहवालात गेले की पुढचा वाचणारा त्यामागचे गृहीतक पाहत नाही, ७०० हा आकडा पाहतो. मी वर्गात हे उदाहरण दरवर्षी देतो आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, की आता संगणक आहेत, आता असे होईल का? उत्तर पुढे येईलच.

स्तंभांचे गणित

दगडमातीच्या लोंढ्याचा प्रत्येक कण मोजणे अशक्य. तेव्हा काय करायचे? १८७१ मध्ये सें-व्हनां यांनी नद्या-कालव्यांसाठी एक वाट दाखवली होती. प्रवाह लांबीच्या मानाने उथळ असेल, तर त्याचे उभे स्तंभ कल्पून प्रत्येक स्तंभाची जाडी आणि सरासरी वेग एवढेच मोजायचे. १९८९ मध्ये मॅगिल विद्यापीठाचे स्टुअर्ट सॅव्हेज आणि डार्मस्टाटचे कोलुम्बान हुटर यांनी ही युक्ती कोरड्या वाळूसारख्या कणांच्या राशीला लावली. पाण्याचा दाब सगळ्या दिशांना सारखा असतो. कणांच्या राशीत तो तसा नसतो. रास पसरत असेल तर बाजूचा दाब कमी, दबत असेल तर जास्त. मृदा यांत्रिकीत रँकिन यांचे सक्रिय आणि निष्क्रिय दाब तुम्ही शिकलात, तेच इथे वाहत्या राशीत आले. आजच्या बहुतेक कार्यक्रमांचा सांगाडा हाच आहे: जमिनीची उंची द्या, सुटणारी रास द्या, प्रतिरोधाचा नियम द्या, दर क्षणाला प्रत्येक चौकोनातील जाडी आणि वेग मिळतो.

प्रतिरोधाचा नियम कोणता घ्यायचा, यावर मात्र बराच काळ वाद चालला. अमेरिकेत आर्व्हिड जॉन्सन यांनी १९६० च्या दशकात लोंढ्याला टूथपेस्टसारखा, ठरावीक ताण ओलांडल्यावरच वाहणारा द्रव मानले. क्योतोचे तामोत्सु ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात दगडांच्या एकमेकांवरील टकरींना महत्त्व दिले. जपानी संशोधक तेव्हा याकेदाके ज्वालामुखीच्या उतारावर कॅमेरे लावून खऱ्या लोंढ्यांची वाट पाहत बसत होते. कॅनडाचे ओल्ड्रिच हंगर यांनी वाद बाजूला ठेवला. १९९५ च्या त्यांच्या कार्यक्रमात नियम वापरणाऱ्याने निवडायचा होता. रास म्हणजे एक "समतुल्य द्रव" मानायचा आणि त्याचे गुणधर्म प्रयोगशाळेत न मोजता घडलेल्या दरडीशी जुळवून ठरवायचे. एल्मच्या वेळची सवय आता उघडपणे पद्धत झाली.

हंगर यांनी हे प्रांजळपणे लिहिले होते. वापरणारे मात्र तितके प्रांजळ राहिले नाहीत. २००७ मध्ये हाँगकाँगला अनेक देशांच्या गटांनी आपापले कार्यक्रम एकाच प्रश्नसंचावर चालवून पाहिले. त्यात प्रयोगशाळेतील प्रवाह होते आणि घडून गेलेल्या दरडीही होत्या. ही तुलना उपयोगाची, पण घडून गेलेल्या दरडीचे उत्तर आधी माहीत असते आणि आकडे फिरवायला दोन खुंट्या हातात असतात. दोन खुंट्या फिरवून एक अंतर जुळवणे, ही परीक्षा सोपी आहे.

ओरेगॉनची पन्हळ

या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे काँक्रीटची एक पन्हळ. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९१ मध्ये ओरेगॉनच्या जंगलात ती बांधली: ९५ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३१ अंशांचा उतार. वर फाटकामागे भिजवलेली वाळू, खडी आणि चिखल, एका वेळी सुमारे १० घनमीटर. फाटक उघडायचे आणि तळात बसवलेल्या यंत्रांनी जाडी, वजन आणि पोकळ्यांतील पाण्याचा दाब मोजायचा. रिचर्ड आयव्हर्सन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे हेच करत राहिले.

दिसले ते असे. लोंढ्याच्या तोंडाशी मोठे दगड गोळा होतात आणि तिथे पाण्याचा दाब जवळजवळ नसतो. हे तोंड अडखळत चालते. मागचा भाग मात्र पाण्यावर तरंगतो. कणांचे वजन कणांनी पेलायचे, ते मधल्या पाण्याने पेललेले असते, म्हणून घर्षण जवळजवळ नाहीसे होते. आयव्हर्सन यांनी १९९७ च्या प्रदीर्घ लेखात हे मांडले. त्यानंतर २००३ मध्ये, लोंढ्याला एकच ठरावीक चिकटपणाचा नियम असतो ही समजूत म्हणजे दंतकथा आहे, असे त्यांनी शीर्षकातच लिहिले.

आता आपल्या ०.२ कडे या. कोरड्या दगडमातीचा घर्षण गुणांक ०.७ धरा. वजनाचा काही हिस्सा पाण्याने पेलला तर उरलेल्या हिश्श्यावरच घर्षण लागते. म्यू ०.२ येण्यासाठी पाण्याने सुमारे ७१ टक्के वजन पेलायला हवे, आणि ०.१ येण्यासाठी सुमारे ८६ टक्के. म्हणजे म्यू हा मातीचा गुणधर्म नाहीच. तो त्या क्षणी, त्या ठिकाणी पाणी किती वजन पेलते आहे याचा सारांश आहे, आणि लोंढा वाहत असताना तो बदलत राहतो. सॉफ्टवेअरच्या चौकटीत आपण त्याचा एकच आकडा भरतो.

मग पाणी किती वजन पेलणार हे कशावर ठरते? २००० मध्ये याच पन्हळीतील एका प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध झाले. तीच ओली वाळूमिश्रित माती, तोच उतार. एकदा माती भुसभुशीत ठेवली, पोकळ्यांचे प्रमाण सुमारे ०.५. एकदा दाबून बसवली, प्रमाण सुमारे ०.४. भुसभुशीत माती सरकताच दबली, पोकळ्यांतील पाण्यावर दाब आला, आणि एका सेकंदात तिने सेकंदाला १ मीटरहून अधिक वेग घेतला. दाबलेली माती सरकताना फुगली, पाणी आत ओढले गेले आणि दाब उतरला. ती थांबत-थांबत, सेकंदाला सरासरी ०.००२ मीटर या गतीने सरकली. वेगात पाचशे पटींहून अधिक फरक, आणि कारण काय, तर माती टाकताना थोडी दाबली की नाही. डोंगरावरील मातीत हा फरक पावलागणिक असू शकतो. तो कोणी मोजलेला नसतो. २०१४ मध्ये आयव्हर्सन आणि डेव्हिड जॉर्ज यांनी पोकळ्यांचे हे दबणे-फुगणे समीकरणांतच घेतले; तसेच २०१२ मध्ये मूळचे नेपाळचे शिव पुडासैनी यांनी दगड आणि पाणी यांना वेगवेगळे वेग देणारी समीकरणे मांडली. भौतिकी सुधारली. पण मातीची सुरुवातीची स्थिती अजूनही आपणच भरायची.

आर्मेरो, आणि फक्त घनफळाचे सूत्र

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुइस या ज्वालामुखीचा छोटा उद्रेक झाला. शिखरावरील बर्फ वितळले आणि राखचिखलाचे लोंढे नद्यांत उतरले. सत्तरहून अधिक किलोमीटरवरील आर्मेरो गावाला पोचायला लोंढ्याला सुमारे अडीच तास लागले. २३,००० हून अधिक माणसे गेली. आर्मेरो धोक्यात आहे हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता. तेव्हा हा दोष गणिताचा नव्हता. मात्र त्यानंतर कुठल्याही ज्वालामुखीसाठी घाईत काढता येईल अशा नकाशाची गरज सर्वांना पटली.

१९९८ मध्ये आयव्हर्सन यांच्याच गटाने जे सूत्र दिले त्यात घर्षण नाही, पाण्याचा दाब नाही, काही नाही. नऊ ज्वालामुखींवरील २७ लोंढ्यांची मोजमापे घेऊन त्यांनी लोंढ्याच्या घनफळावरून व्यापलेले क्षेत्र काढले: घनफळाचा दोन-तृतीयांश घात गुणिले २००. १० लाख घनमीटरचा लोंढा असेल तर सुमारे २ चौरस किलोमीटर जमीन. घनफळ किती येईल हे माहीत नसल्याने अनेक घनफळे घेऊन एकात एक बसणारे अनेक पट्टे नकाशावर काढायचे. लोंढ्यांची सर्वांत खोल भौतिकी मांडणारा माणूसच व्यवहारात सर्वांत साधे सूत्र देतो, आणि एका रेषेऐवजी अनेक रेषा काढतो. मला यात विसंगती वाटत नाही.

आपल्याकडे

भारतात भूस्खलनाचे नकाशे बरेच झाले आहेत. भारतीय मानक ब्युरोची क्षेत्रविभागणीची मार्गदर्शिका १९९८ ची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातील डोंगराळ भागाचे १:५०,००० प्रमाणाचे प्रवणता-नकाशे केले. पण हे नकाशे सुरुवातीला केलेल्या भेदातील पहिल्या प्रश्नाचे आहेत: उतार, खडक, माती, पाणी यांवरून दरड कुठून सुटेल. त्यात तीव्र उतार लाल होतो आणि ओढ्याकाठची मंद जमीन साहजिकच सौम्य रंगात उरते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये काय झाले ते या नजरेने पाहा. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या उपग्रह चित्रांनुसार दरड सुमारे १,५५० मीटर उंचीवर सुटली, तुटलेला भाग सुमारे ८६,००० चौरस मीटर होता, आणि लोंढा सुमारे ८ किलोमीटर गेला. जिथून दरड सुटली तिथे वस्ती नव्हती. मुंडक्काई आणि चूरलमला खाली नदीकाठी होते. दोनशेहून अधिक माणसे गेली. वाटेत लोंढ्याने काठ, झाडे, दगड उचलले. सुटलेले घनफळ आणि पोचलेले घनफळ यांत असा मोठा फरक पडतो, आणि वाटेत किती उचलले जाईल हा म्यू आणि क्साय यांच्या जोडीला तिसरा अंदाजाचा आकडा होतो.

त्याच तारखेला, दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे. तिथे पल्ला लांब नव्हता. डोंगर गावाच्या डोक्यावरच होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते, असे नंतर विधानसभेत सांगण्यात आले. माळीणला "कुठून सुटेल" हा प्रश्न मोठा होता, वायनाडला "कुठपर्यंत येईल" हा. एकाच प्रकारच्या नकाशाने दोन्ही भागत नाहीत.

आपल्याकडच्या अडचणींत आणखी एक भर घाला: जमिनीची उंची. फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेमुळे जगाच्या मोठ्या भागाचा उंचीचा नकाशा मोफत मिळाला, आधी ९० मीटरच्या आणि २०१४ पासून ३० मीटरच्या चौकोनांत. तुमच्या प्रकल्पात बहुधा हाच असतो. ३० मीटरच्या चौकोनात १० मीटर रुंद ओढा दिसतच नाही. मग संगणकातील लोंढा ओढा सोडून उतारभर पसरतो, पातळ होतो आणि लवकर थांबतो. खऱ्या लोंढ्याला मात्र ओढा सापडतो.

चांगल्या कामाचा नमुनाही आपल्याच हिमालयातला आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रोंटी शिखरावरून खडक आणि हिमनदीचे बर्फ मिळून सुमारे २.७ कोटी घनमीटर कोसळले. ऋषिगंगा आणि तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पांवर लोंढा गेला. दोनशेहून अधिक जण मृत वा बेपत्ता झाले. काही महिन्यांत पन्नासहून अधिक संशोधकांचा लेख आला: उपग्रह चित्रांवरून आधीची आणि नंतरची उंची, घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळून पाणी कसे झाले याचा हिशेब, चित्रफितींवरून वेग, आणि मग मुक्त स्रोत कार्यक्रमावर सिम्युलेशन. ते सिम्युलेशन एकटे उभे नव्हते; दर टप्प्यावर त्याला प्रत्यक्ष मोजमापाशी भिडवले होते. तरीही तो उलट हिशेबच. त्यातील आकडे शेजारच्या खोऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण तिथल्या कड्यात बर्फ किती आणि खडक किती, हे कडा तुटेपर्यंत ठरत नाही. वायोंतविषयीच्या त्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

त्या चार विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांनी म्यूच्या ०.०५ ते ०.३ दरम्यान सहा किमती घेतल्या, क्सायच्या तीन, सुटणाऱ्या राशीची तीन घनफळे. चोपन्न वेळा कार्यक्रम चालवला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर त्यात दोन आठवडे गेले. मधल्या रविवारी ते गावात गेले, दोरी आणि मोबाइलच्या साहाय्याने ओढ्याचे बारा छेद मोजले आणि उंचीच्या नकाशात ओढा हाताने कोरला. एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना शाळेच्या मागे, शेताच्या बांधात अडकलेले माणसाएवढे दगड दाखवले. ओढ्यापासून इतक्या लांब ते पाण्याने येणे शक्य नव्हते. ते कधी आले हे बाबांना सांगता आले नाही. त्यांच्या वडिलांच्या लहानपणीही ते तिथेच होते.

चोपन्न नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर शाळा एकतीस नकाशांत कोरडी राहिली आणि तेवीस नकाशांत लोंढ्याखाली गेली. पहिल्या देखण्या नकाशातील ०.२ हा त्या एकतिसांपैकी एक होता. बांधातले दगड जिथे होते तिथपर्यंत पोचणारे नकाशे पाहिले तर त्यांतला एकही ०.१ च्या वरचा नव्हता. अहवालात कोणती रेषा छापायची यावर गटात दोन दिवस भांडण झाले. शेवटी त्यांनी तीन रेषा छापल्या, प्रत्येकीखाली तिचे आकडे लिहिले, दगडांची जागा फुलीने दाखवली, आणि एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नेऊन दिली.